चारशे मिलिग्रॅम

पोस्टर कन्नडमध्ये आलंय. वर शब्द ‘जंतुहुळु’,
अर्धा आपला, अर्धा त्यांचा,
आणि खाली हसणारा एक मुलगा, ज्याच्या पोटात काही नाही.
तिसरी-चौथीला एकत्र बसवून मी वाचून दाखवलं.
भरमाण्णा म्हणाला, “बाई, हुळु म्हंजे किडंच की.”
एवढंच भाषांतर लागलं.
पुढचं त्यांना पोटातून ठाऊक होतं.

पटावर एकतीस, हजर तीस.
गिळायची नाही. चावायची. माझ्यासमोर.
आ कर. जीभ वर.
निंगव्वा भाताचं पातेलं उतरवून
दारात उभी, पदराला हात पुसत.
तिला रजिस्टर लागत नाही.
तीनदा भात घेऊनही कुणाचे दंड काडीसारखे,
ते तिच्या पळीला पाठ आहे.

सातेरी कुंभार, तिसरी.
वारुळाच्या देवीचं नाव,
म्हणूनच बहुतेक घरी कुणी ओरडत नाही तिला.
चाकाजवळची मळलेली माती
नखाएवढी तोडून ती जिभेवर ठेवते, खडीसाखरेसारखी.
“बाई, ही माती खाऊलालीय!”
आठवड्यातून दोनदा तक्रार येते.
एकदा तिची खालची पापणी ओढून पाहिली.
तिथं लाल असायला हवं.
कच्च्या मडक्याचा रंग होता.

आमच्या वेळी आई वावडिंग उकळायची,
पळसाच्या बिया गुळात कालवायची.
रात्री दात खाल्ले की सकाळी पेला तयार.
कडू होतं म्हणून खरं वाटायचं.
ही गोळी गोड आहे. पोरं दुसरी मागतात.

“बाई, मेल्यावर ते कुठं जातील?”
“परसाकडं!” मागून कुणीतरी,
आणि वर्ग हसून फुटला. मीही हसले.
परसाकडं म्हणजे कुठं, ते सगळ्यांना माहीत:
भट्टीमागचा उतार, ऑगस्टची ओली माती, अनवाणी.
शाळेत संडास आहे तसा.
निळं दार, दारावर रंगवलेला हत्ती.
पाणी नाही म्हणून कुलूप,
किल्ली सरांच्या टेबलात, खडूंच्या डब्यात.
विचारलं तर सर म्हणतात, “उघडला तर घाण होईल.”

सातेरी हसली नाही. चावत राहिली,
ओठांच्या कडेला पांढरं पीठ.
मग हळू आवाजात,
“म्हंजे आता मी खाल्लेलं मलाच?”

हो, म्हणाले मी.
म्हणताना फेब्रुवारी दिसत होता,
नवी पेटी, नवं पोस्टर,
तेच तळवे.

शाळा सुटल्यावर उरलेली एक गोळी
रुमालात बांधून कुंभारवाड्यात गेले.
तिचा भाऊ भैरू माती तुडवत होता,
पोटरीपर्यंत आत.
“अनवाणीच तुडवायची असती, बाई,”
बाप म्हणाला, चाकावरून नजर न काढता,
“खडा तळव्याला कळतो. बुटाला कळत नाही.”
खरं होतं ते.
मी बुटांबद्दलच बोलायला आले होते.

भैरूनं चिखलाचा हात पुढं केला.
धुऊन ये, म्हटलं.
त्यानं हाताकडं पाहिलं, हौदाकडं पाहिलं,
आणि नुसता आ केला.
मी गोळी जिभेवर ठेवली. कुडुम कुडुम वाजली.

रजिस्टर ठेवायला परत आले तेव्हा छपराकडं लक्ष गेलं.
तिसऱ्या ओळीत एक कौल आहे,
ओलं असताना त्यावरून कुणी पोर धावून गेलेलं:
टाच, पाच बोटं, भट्टीत पक्की झालेली.
करंगळी जरा बाहेर.
किती वर्षं पाणी ओघळतंय त्यावरून.

एकतीस, असं लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात काही सुचेना.
मग सरांचा खण ओढला, खडू बाजूला सारले.
किल्लीला अजून
दुकानाची चिठ्ठी बांधलेली होती.